सरदाराचे शेजारी

"एका पाण्यात दोघंही नांदतील, असं काहीतरी सांगा, माई."

चंद्रामाईंनी मूठभर चुरमुरे डोहात टाकले.

डोहातले मासे देवीचे. त्यांना कुणी गळ लावत नसे. काठावरच्या देवळात माई राहायच्या आणि लोक आपापली दुखणी घेऊन त्यांच्याकडे यायचे. दिगंबर खळदकरही आले होते; पण उत्तर आपल्याला ठाऊक आहे, माईंनी फक्त मान डोलवायची, अशा थाटात.

त्यांच्या हॉलमध्ये भिंतभर काचेची टाकी होती आणि टाकीत सरदार होता. लाल शेपटीचा कॅटफिश. आणला तेव्हा करंगळीएवढा, आता चांगला हातभर लांब, आणि मिशा अशा की बघणाऱ्याने मुजराच करावा. सोबतीला आणलेले मासे त्याने एकामागून एक गिळले. खळदकर दर वेळी आधीपेक्षा मोठा मासा आणत, तोवर सरदाराचा जबडाही वाढलेला असे.

आता एकटी बताशा उरली होती. ताटाएवढी गोरामी मासळी, त्यांच्या लेकीची, शर्वाणीची लाडकी.

"बताशाला काही झालं तर मी मामाकडे जाईन," लेकीने बापाला सांगितलं होतं, "आणि परत येणार नाही." बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती. आणि काल बताशाचा पर फाटला होता.

"दोन टाक्या कर," माई म्हणाल्या.

"मग मी एवढं शिकवलं ते फुकट! अंगठी काचेवर वाजवली की जिथे असेल तिथून येतो, माई. पाहुणे तोंडात बोट घालतात."

खळदकरांच्या तर्जनीत पुष्कराज होता. गुरू बलवान व्हावा म्हणून ज्योतिष्याने घालायला सांगितलेला.

"लपायला काही ठेवलंयस का आत?"

"होता एक ओंडका. काढून टाकला. आत बसला तर दिसणार काय?"

माईंनी हात झटकले.

"चल. बघते."

रविवारची दुपार होती. माई टाकीसमोर फरशीवरच बसल्या. बताशा मागच्या कोपऱ्यात काचेला चिकटून होती, हलत नव्हती. सरदार तळाशी पडून होता.

"आता बघा हं," खळदकर म्हणाले.

टक, टक.

पाणी उसळलं. सरदार आडवं येईल त्याला धडक देत काचेवर आला, तोंड उघडून. खळदकरांनी वरून कोळंबी टाकली. ती केव्हा गेली ते कळलंही नाही.

"बघितलंत?"

मग त्यांनी अंगठी जेवणाच्या टेबलावर वाजवली.

टक, टक.

स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी सुमेधाताई पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीने आल्या. तो ठेवला आणि भिंतीकडे सरकून उभ्या राहिल्या.

माई तांब्याकडे बघत राहिल्या. प्यायल्या नाहीत.

"तू जरा बाहेर जा."

"मी?"

"गॅलरीत. खिडकीतून बघ. आवाज करू नकोस."

खळदकरांना राग आला. स्वतःच्या घरात असं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. पण माईंपुढे बोलायची सोय नव्हती. ते गॅलरीत गेले, दार लोटून घेतलं आणि पडद्याच्या फटीला डोळा लावला.

बराच वेळ काहीच झालं नाही...

मग बताशा कोपऱ्यातून सुटली.

फाटका पर हलवत ती हळूहळू टाकीभर फिरली. खाली आली. सरदाराच्या मिशीजवळून गेली. खळदकरांनी श्वास रोखला. सरदार तसाच पडून होता, म्हाताऱ्या कुत्र्यासारखा.

बताशा परत फिरली आणि त्याच्या पाठीवरून गेली.

आत सुमेधाताई खुर्चीवर बसल्या. पाय वर घेऊन बसल्या. आतल्या खोलीतून शर्वाणी आली, माईंशेजारी फरशीवर बसली आणि काहीतरी सांगू लागली. हातवारे करून, भराभरा. मग हसली.

तो आवाज खळदकरांनी ओळखला नाही. कुणी पाहुणी आली असेल, असंच क्षणभर वाटलं त्यांना. मग ओळखला. आपणही आत जाऊन बसावं, तिच्याशेजारी, एवढंच वाटलं.

त्यांनी दाराच्या कडीला हात घातला.

टक.

अंगठी कडीच्या पितळेला लागली होती. एवढीशी.

ते फटीपाशी परत आले. बताशा कोपऱ्यात होती. सुमेधाताई भिंतीपाशी उभ्या होत्या, पदर सावरत. शर्वाणी टाकीशेजारच्या कोपऱ्यात आईला खेटून उभी होती, तोंड मिटून. सगळं इतक्या लवकर झालं होतं की आधीचं खरंच घडलं का, अशी त्यांना शंका आली.

फक्त सरदार पुढे आला होता. काचेला नाक लावून, तोंड उघडून दाराकडे बघत होता. घरात एकटा तोच त्यांची वाट बघत होता.



त्यांनी अंगठी ओढली. बोट सुजलेलं, निघेना. थुंकी लावली, पिळली, कातडं सोलवटलं. निघेना.

शेवटी त्यांनी तो हात पाठीमागे धरला आणि कपाळ दाराला टेकवलं. या दारातून कधी विचारून आत आल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"माई..."



"माई, मी आत येऊ का?"

टाकीतल्या पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग माईंचा आवाज आला, नेहमीचा, चुरमुरे टाकताना असतो तसा.

"मला काय विचारतोस, बाबा? कोपऱ्यातल्यांना विचार."