टेबलाचा चौथा पाय

जयवंतराव शेलारांच्या गॅरेजात बारा टनांची बस आली. ती उचलून टेकवायला लोखंडी घोड्या चारच होत्या, प्रत्येकी तीन टनांच्या.

"चार त्रिक बारा. लावा आणि शिरा खाली," जयवंतरावांनी केबिनमध्ये बसूनच हुकूम सोडला.

टेबलापाशी उभ्या असलेल्या इंजिनिअर वृंदाताईंना काचेतून बसखाली शिरायला निघालेली माणसं दिसत होती. "साहेब, चारही घोड्या सारखा भार घेत नाहीत. कधी सगळा भार दोनच घोड्यांवर येतो."

"का? चारही सारख्याच आहेत ना?"

वृंदाताई वाकल्या आणि मालकांच्या टेबलाच्या एका पायाखालची पुठ्ठ्याची घडी त्यांनी काढून घेतली. टेबल डुगडुगलं आणि काठोकाठ भरलेल्या कपातला चहा जयवंतरावांच्या पांढऱ्या पँटवर सांडला.

"याचेही चारही पाय सारखेच आहेत, साहेब."

जयवंतराव पँट झटकत राहिले. मग म्हणाले, "दुप्पट ताकदीच्या घोड्या मागवा. आणि तो पुठ्ठा आधी जागेवर ठेवा."