पाच हात, पाच मुठी

चावडीसमोरच्या खडकात ही लांब खाच दिसते ना पाहुणे, ती पाणी वाहून जायला केलेली नाही. हात लावून मोजा. पाच हात, पाच मुठी. जुन्या काळी जमीन मोजायच्या काठीची लांबी हीच.

असे सांगतात, की नागझरीचे रान सतरा घरांनी झाडे तोडून वहितीला आणले. सरकारची सनद झाली: दर घराला दहा बिघे, वर भरेल ते रायाजीराव देशमुखाचे. आणि मोजणी कुणी करायची? देशमुखानेच! बोक्याकडे दुधाची राखण.

काठी आली ती पालखीतून, रेशमात गुंडाळलेली, हळदकुंकवाने माखलेली. सगळ्यांनी लोटांगण घातले. तिथेच चुकले, म्हणे. पुजलेल्या काठीला हात कोण लावणार? प्रत्येक शेत पंधरा बिघे भरले. वरचे पाच-पाच बिघे देशमुखाला लिहून द्यायला सरकारी अंमलदार शिक्का घेऊन चावडीवर बसला.

तेव्हा भिवरा नावाची विधवा उठली. पेरणी ती स्वतः करायची. "सरकार, दहा बिघ्यांचं बी पेरलं, ते बांधापतुर पुरलं. वरचे पाच बिघे काय हवेत हायेत?"

देशमुखाचा कारभारी हसला. "बियाण्यानं जमीन मोजतेस व्हय गं?"

"मग हातानं मोजते." ती काठीशेजारी बसली.

"अगं, देव बाटवशील!" कारभारी ओरडला.

"देव असंल तर माझ्या हातानं आखूड व्हायचा न्हाई."

बाईचा हात पुरुषाहून आखूड. तिच्या मापाने काठी पाच हात पाच मुठींहून वरच भरायला हवी. पाच हात झाले, आणि एकाच मुठीत काठी संपली. काठी आखूड, म्हणूनच बिघे जास्त भरले होते. अंमलदाराने शिक्का पिशवीत टाकला. पुऱ्या काठीने पुन्हा मोजणी झाली. शेते दहाच बिघे भरली.

त्याच महिन्यात भिवरा विहिरीत सापडली. पाय घसरला, म्हणे. जन्मभर त्या विहिरीचे पाणी काढणारीचा पाय त्याच महिन्यात कसा घसरला, हे मात्र कुणी सांगत नाही. गावाने तिच्या तेराव्याच्या आत पुरे माप खडकात कोरून घेतले. काठी बदलता येते, खडक कोण बदलणार?

आजही मोजणीचे साहेब कितीही भारी यंत्र घेऊन येवोत, त्यांना आधी ही खाच मोजून दाखवावी लागते. साहेब चिडतात. चिडोत. आणि भिवराचे ठाणे समजून कुणी फूल वाहू लागला, तर गावातली म्हातारी माणसे त्याचा हात धरतात: "पुजू नगा बाबा. पुजलं की मोजायचं ऱ्हातं."