पिंपळकोटचं पाळणाघर

खारीचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याची कातडी इतकी पातळ असते, की पोटातलं दूध बाहेरून दिसतं. कुशीला एक पांढरा ठिपका. ठिपका ठसठशीत असला की पिल्लू झोपतं, विरत गेला की चुळबुळतं आणि दिसेनासा झाला की ओरडतं. या गोष्टीत आजवर कोणत्याही सरकारला बदल करता आलेला नाही.

तर पिंपळकोट नावाची एक राजधानी होती आणि तिथे बकुळा नावाची एक खार राहायची. तिला असं एक पिल्लू झालं. पिलाचा बाप खारींच्या रिवाजाप्रमाणे वसंतात भेटला होता, आणि रिवाजाप्रमाणेच त्यानंतर भेटला नव्हता. बकुळा सरकारी कोठारात दाणे निवडायची. कोठाराचे मुकादम घुशेराव जातीने घूस होते. दाण्यांची नासाडी होऊ नये म्हणून त्यांना खास नेमलं होतं. नेमणुकीनंतर कोठाराची दारं रुंद करून घ्यावी लागली होती.

“पिल्लू आत आणायचं नाही, बकुळाबाई,” ते ढेकर आवरत म्हणाले. “पिल्लू दाणे खातं.”

“साहेब, त्याला दात नाहीत. अजून डोळेही उघडले नाहीत.”

“वृत्ती तर असते ना? अमावास्येपर्यंत सोय करा. नाहीतर तुमच्या जागी दुसरी. बाहेर रांग लागलीय खारींची.”

जागा गेली की दाणे गेले, आणि दाणे गेले की दूध गेलं. बकुळेला एवढं कळत होतं. ती सोय शोधायला निघाली.

सुगरणींच्या टोलेजंग वसाहतीत एक पाळणाघर होतं. दारातल्या सुगरणीने तिला शेंडीपासून शेपटीपर्यंत न्याहाळलं.

“नाव कधी नोंदवलं होतंत?”

“पिल्लू आत्ताच तर झालं.”

“अहो, मग फार उशीर केलात! आमच्याकडे अंड्याचा विचार मनात आला की नाव नोंदवतात.”

तिथलं शुल्क ऐकून बकुळेला शेपटीचा आधार घेऊन बसावं लागलं. तेवढे दाणे मिळवायचे तर तिला दोन कोठारांत राबावं लागलं असतं, आणि दोन कोठारांत राबायचं तर दोन पाळणाघरं लागली असती.

नाल्यापलीकडे धामणबाईंचं पाळणाघर होतं. ते मात्र स्वस्त होतं. तिथे पिलं सकाळी मोजून घेत; संध्याकाळी मोजून देण्याची पद्धत नव्हती.

शेवटी ती शेजारच्या कावळीणमावशीकडे गेली.

“मावशी, दिवसभर एवढं माझं बघशील का गं?”

“बघितलं असतं, बये. पण घरटं भरलंय. मंत्रीणबाईंची दोन आहेत.”

“आणि तुझं?”

“माझं एक अंडं होतं. जागा करायला त्यांनी ते खाली ढकललं. पण जाताना ‘सहकार्याबद्दल आभार’ म्हणाल्या हो. रीतभात आहे बाईंना.” एका उघड्या चोचीत अळी कोंबून मावशीने कपाळावर पंख मारला. “काय खातात गं ही कार्टी! माझ्याहून मोठी झाली, तरी भरवतेच आहे.”

मंत्रीणबाई म्हणजे कोकिळाबाई. बालसंगोपन खातं त्यांच्याकडे होतं. जागा मादीसाठी राखीव होती म्हणून त्या मंत्री होत्या, आणि भाषणं त्यांचे यजमान करायचे. कुहूकुहू नर करतो, मादीला फक्त किक्‌किक् जमतं, ही गोष्ट निसर्गाला ठाऊक होती, मतदारांना नव्हती. निवडणुकीच्या सभेत कोकिळाबाई पुढच्या फांदीवर बसून चोच हलवत आणि कोकीळराव पानाआडून गात. “घरट्या-घरट्याला पाळणा! हाच आमचा बाणा!” बकुळेने ते ऐकलं होतं आणि शेपटी वर करून मत दिलं होतं.

आणि खोटं कशाला बोला, पाळणाघर बांधलंही होतं. कंत्राट कोकीळरावांचे जिवलग स्नेही वटवाघूळशेठ यांना मिळालं. शेठनी आपल्या खानदानी पद्धतीने, अगदी मन लावून काम केलं. गाद्या छताला ठोकल्या. पाळणे छताला चिकटवले, तोंडं खाली करून. उद्घाटनाच्या दिवशी एका हरणीने मोठ्या कौतुकाने आपलं पाडस पाळण्यात दिलं. ते थेट फरशीवर आलं आणि जन्माचं लंगडं झालं.

“पाळण्यात काही दोष नाही,” वटवाघूळशेठ लटकल्या-लटकल्या म्हणाले. “पिलंच उलटी आहेत.”

अशा रीतीने या विषयाला दोन बाजू असल्याचं स्पष्ट झालं. मग पाळणाघराला कुलूप लागलं आणि समिती बसली. निर्णय निःपक्षपाती व्हावा म्हणून अंडी घालून पुन्हा मागे वळून न पाहणारे प्राणीच समितीवर घेतले: बेडूक, घोरपड आणि अध्यक्ष म्हणून कासवराव. समितीने शेजारच्या जंगलांचा अभ्यासदौरा केला. तिथल्या तळ्यांत पोहून पाहिलं. मुदतवाढ घेतली, मग मुदतवाढीला मुदतवाढ घेतली. तोवर लंगड्या पाडसाला शिंगं फुटली. ते मतदार झालं आणि त्याने लंगडत जाऊन कोकिळाबाईंना मत दिलं.

अमावास्येच्या सकाळी दवंडी आली, की समितीचा निर्णय आज जाहीर होणार. बकुळा पिल्लू तोंडात धरून धावत मैदानावर पोचली. घुशेराव पुढच्या रांगेत दोन खुर्च्या अडवून बसले होते.

आधी भाषण झालं.

“मातांनो!” पानाआडून आवाज आला आणि कोकिळाबाईंनी चोच उघडली. “मीही एक आई आहे! कितीतरी पिलांची आई आहे! पण मी कधी सरकारकडे पाळणाघर मागितलं का? नाही! का नाही मागितलं? कारण माझा समाजावर विश्वास आहे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कावळीणमावशीनेही पंख आपटले आणि अळीची वेळ झाली म्हणून घाईघाईने उडून गेली.

बकुळेने पिल्लू तोंडातून पुढच्या पंजांत घेतलं.

“बाई, विश्वास राहू द्या!” ती ओरडली. “पाळणे सुलटे केलेत का, तेवढं सांगा!”

कोकिळाबाईंची चोच उघडली, पण आवाज आला नाही. पानाआड कोकीळराव उंबर खात होते.

“ए, खाली बस!” घुशेराव गरजले. “पाळणाघर आजपासून उघडतंय. सरकारने एवढी सोय केल्यावर जी बाई पिल्लू तिथे ठेवणार नाही, तिने उद्या कोठाराची पायरी चढायची नाही.”

“ठेवते ना, साहेब. कुठेतरी ठेवायलाच हवं मला. पण ते पडलं तर?”

मागून हरणीचा आवाज आला, “हो, पडलं तर?” मग सशीण म्हणाली, मग मुंगशीण. हळूहळू सगळं मैदान तेच विचारू लागलं. घुशेरावांनी कासवरावांकडे पाहिलं.

कासवराव उठले. त्यांनी मान बाहेर काढली, वटवाघूळशेठकडे पाहिलं आणि मान आत घेतली. पुन्हा बाहेर काढली. उन्हं चढली. बकुळेने पिल्लू छातीशी घट्ट धरलं होतं. कासवरावांनी घसा साफ केला.

“सर्व बाजूंचा विचार करून समिती या निर्णयाप्रत आली आहे, की पाळणाघर बरोबरच बांधलं आहे. आजपासून त्याच्या छताला जमीन म्हणावं आणि जमिनीला छत. तेव्हा यापुढे पाळण्यातलं पिल्लू पडलं, असं कुणीही बोलू नये. त्याने उंची गाठली.”