बुटातला खडा

एकदा पॅरिसमधल्या एका नामवंत नटाचा आवाज बसला, तो कायमचाच. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातली. ज्याच्या एका हाकेने सारे प्रेक्षागृह स्तब्ध व्हायचे, त्याला आता शेजारी बसलेला माणूसही "काय म्हणालात?" असे विचारू लागला. नाट्यगृहाच्या मालकाने जुन्या स्नेहापोटी त्याच्याकडे एका संगीतिकेचे दिग्दर्शन सोपवले, पण बजावूनही ठेवले, "ही पडली, तर तुम्हाला देण्यासारखं दुसरं काम माझ्याकडे नाही."

नट जिद्दीने कामाला लागला. तालमीत तो प्रत्येक भूमिका स्वतः करून दाखवी. राजा कसा चालतो, सैनिक कसा वळतो, नायिका दारातून कशी येते, सारे तोच दाखवणार. शिकवणाऱ्या माणसांना करून दाखवायची हौस दांडगीच असते. गायक मंडळी भारावून पाहत आणि हुबेहूब तसेच करत. तरीही संगीतिकेत जीव येईना. चूक कुठे होते आहे तेच त्याला कळेना. शेवटी तो आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. त्यांनीच त्याला अभिनय शिकवला होता आणि तेही उतारवयात दिग्दर्शक झाले होते.

सारे ऐकून घेऊन म्हाताऱ्याने अंगणातला एक खडा उचलला आणि त्याच्या हातावर ठेवला. "हा डाव्या बुटात घाल. आठवडाभर तालमीला असाच जा. कोणाला काही सांगू नकोस."

"गुरुजी, प्रयोग तोंडावर आलाय! माझं पोट त्यावर आहे, आणि तुम्ही मला खडा देता?"

"मोठा वाटतोय का? थांब, दुसरा बघतो."

शिष्याने मुकाट्याने तोच खडा बुटात घातला. आठवडाभर तो ओठ आवळून तालमी घेत राहिला. हे औषध आहे की शिक्षा, की म्हाताऱ्याला चळ लागला आहे, हेच त्याला उमजेना.

आठवडा संपला तेव्हा गुरू तालीम पाहायला आले. शिष्य पहिल्यांदाच रंगमंच सोडून त्यांच्याशेजारी खुर्चीत बसला. पडदा वर गेला. राजा डावा पाय ओढत सिंहासनाकडे निघाला. त्याच्यामागून सैनिक आले, तेही लंगडत. नायिका प्रियकराला भेटायला धावली, तीसुद्धा लंगडत!

शिष्य गुरूंकडे वळला. "गुरुजी, यांना झालंय तरी काय? सगळ्यांचे पाय एकदम कसे दुखावले?"

"दुखावलाय तो तुझा पाय. ते बिचारे तुझ्यासारखे चालताहेत. तू त्यांना चाल दिलीस. कुठे निघालात, कशासाठी निघालात, हे विचारलंस का कोणाला? जायचं कुठे ते कळलं की माणसाचा पाय आपसूक उचलतो, आणि मग ती चाल त्याची स्वतःची असते."

शिष्य ओशाळून, मान किंचित तिरकी करून ऐकत होता. त्या तिरक्या मानेवर एके काळी सारे शहर फिदा होते.

"आणि ही मान?" गुरूंनी हळूच विचारले. "ही कुठून आणलीस?"

शिष्याने त्यांच्याकडे पाहिले. म्हाताऱ्याची मानही तशीच तिरकी होती. त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून ते नेहमी डावा कान पुढे करून बसत.

"मला वाटायचं, मी तुला अभिनय शिकवला," गुरू म्हणाले. "तू माझा बहिरेपणा शिकलास."

शिष्याला फार वाईट वाटले. त्याने तिथेच बूट काढून खडा बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी तालमीत नायिकेने विचारले, "दारातून आत कशी येऊ? एकदा करून दाखवा ना."

सवयीने तो उठला. मानही कलू लागली होती. मग ती सरळ करून तो पुन्हा खाली बसला.

"बाई, आत तुमची वाट कोण बघतंय?"

ती गोंधळली. थोडा वेळ नुसती त्या दाराकडे पाहत राहिली आणि मग निघाली. तशी चाल त्याने आजवर कुठल्याच रंगमंचावर पाहिली नव्हती.