कॅमेऱ्याचा कौल

"उजवीकडं कुठचा म्हणालास?"

"चंदेरी."

"नि डावीकडं?"

"काळा... थांबा आबा. हां, उजवीकडं चंदेरीच. चंदेरीच."

धाकू गुरव थांबला. ओल्या पाकळ्या हातात, हात देवाच्या छातीजवळ. या गाभाऱ्यात लोकांनी काय काय विचारलेलं. विहीर कुठं खणू, पोरीचं जमेल का, सुटलेली म्हैस उगवतीला गेली की मावळतीला. पण कॅमेरा कुठचा घेऊ, हे देवाच्या कानावर पहिल्यांदाच येत होतं.

समोर गौरेश मांडी घालून बसलेला. दहावीनं त्याला दोनदा दारातून परत पाठवलेलं, तरी गावात आपल्याएवढं डोकं कुणाचं चालत नाही असं त्याचं ठाम मत. शाळेच्या घंटेला आतून गोणपाट बांधून मधली सुट्टी दुपारभर चालवली ती यानंच. सरपंचाच्या स्कूटरला शेळी बांधून ठेवली ती पण यानंच.

आज त्या डोक्याचा पार काला झालेला.

त्याचा बापूस, यशवंत, बोटीवर खलाशी. रजा संपली, आज दुपारच्या गाडीनं निघायचा. आता दिवाळी होऊन गेल्यावर कधीतरी उगवणार. रजेवर आल्या आल्या त्यानं पोराच्या हातावर पैसे ठेवले होते.

"तूच बघ बाबा. मला त्यातलं कळत नाही. छोटासा घे, रोज हाताळायला. मी जायच्या आत घरातले चार फोटो काढून दे म्हणजे झालं."

बोटीवर त्याच्याकडं एकच फोटो. स्टुडिओतला. मागं पडद्यावर रंगवलेला धबधबा, पुढं गौरेशची आई, मान अशी ताठ की पोलिसांनी पकडून बसवलीय जणू.

"ती अशी कधी बसते तरी का?" यशवंत म्हणायचा. "कुणाला दाखवायची पण चोरी."

आणि अख्खी रजा गेली तरी कॅमेरा दुकानातच.

कारण चंदेरी शर्टाच्या खिशात मावायचा, पण त्याची बॅटरी चार्ज करावी लागायची, आणि गावात लाईट येते ती पाहुण्यासारखी. काळ्याला साधे पेन्सिल सेल चालायचे, पण दिसायला मेला वीट. काळा लांबचं जवळ आणायचा. चंदेरीचा स्क्रीन मोठा. याचे मेगापिक्सेल जास्त, तर त्याचं भिंग चांगलं. किंमत दोघांची सारखी, आणि तिथंच सगळा घोळ. दुकानदार म्हणाला, दोन्ही झकास. लग्नाचे फोटो काढणारा पावसकर म्हणाला, दोन्ही भंगार. दोघंही छातीवर हात ठेवून बोलले.

आज बाजारातलं ते दुकान एकला बंद व्हायचं, ते चारला उघडायचं. गाडी साडेतीनची. फोटो पावसकर लगेच छापून देणार होता. म्हणजे आता नाही तर नाहीच.

म्हणून कौल. दोन ओल्या पाकळ्या देवाला लावायच्या नि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर चंदेरी. डावी आधी पडली तर काळा. देवानं सांगितलं की वाद मिटला.

एक बारीकशी गोष्ट तेवढी गौरेशनं कुणाला सांगितली नव्हती. पाकळ्या त्यानंच तोडून आणलेल्या. आणि डावी म्हणून आबांच्या हातात दिली तिच्या पाठीला त्यानं फणसाचा चीक लावून ठेवला होता. सकाळी उठल्यापासून मन चंदेरीवर बसलेलं. म्हटलं, देवाला उगाच डोकं खाजवायला कशाला लावा.

गुरवानं डावी पाकळी लावली. मग उजवी. मग अंगठा बोटापासून सोडवायला गेला, तर तो सुटेना.

तो बोटांकडं बघत राहिला...

मग खाली बसला.

दोघंही बसले. देव मधे. समई जळतेय. उजवी पाकळी जराशी थरथरली...

आणि गौरेशला एकदम आठवलं. लाईट! आई चुलीपुढं भाकरी थापत असेल, तिचा फोटो काढायला जावं आणि मेली बॅटरी गचकली तर? सेल तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडं पण मिळतात. काळाच बरा की! विटेसारखा दिसला म्हणून काय झालं? विटेचीच तर घरं बांधतात लोक.

"आबा."

"हूं."

"डावी पडेल ना?"

"तुझं मन उजवीवर होतं ना?"

"होतं."

"नि आता?"

"आता डावीवर... म्हणजे, वाटतंय तसं."

"मग पडू दे डावी."

"ती पडायची नाही."

"कुणी सांगितलान तुला? देवानं?"



गुरवानं अंगठा नि बोट हळूहळू फाकवलं. मधे चिकाची तार. समईच्या उजेडात चांगली लांब ताणली गेली.

"कापा फणस की बरका?" गुरवानं विचारलं.

गौरेशचे कान तापले. "...बरका."

"वाटलंच. घट्ट आहे."

आता शिव्या पडतील, नाहीतर कानाखाली जाळ निघेल, असं धरून गौरेशनं मान खाली घातली. गुरवानं नुसता हात पुढं केला.

"आण."

"काय?"

"उरलेला."

गौरेशनं खिशातून पानात गुंडाळलेला चीक काढून दिला. गुरव उठला. उजवी पाकळी त्यानं अलगद काढली, तिच्या पाठीला चीक चोपडला आणि परत होती तिथं लावली. वर अंगठ्यानं दाबली पण.

"आबा! हे काय केलंत?"

"आता दोघी सारख्या झाल्या."

"पण आता कुठचीच पडायची नाही!"

"मग बघत बस."

गौरेश बघत बसला. आता त्याला काहीच कळेना. उजवी बघितली की डावी चांगली वाटायची, डावी बघितली की उजवी. दोन्ही बघितल्या की पावसकर बरोबर वाटायचा.

बाहेर रिक्षा येऊन थांबली. यशवंत नारळ घेऊन आत आला. लांब निघालेल्या माणसानं देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय गाव सोडायचा नाही, हा रिवाज. तो पोराकडं बघून हसला.

"ठरलं का रे?"

"कौल लावलाय बाबा. पडत नाहीय."

यशवंतानं घड्याळ बघितलं. साडेबारा वाजून गेलेले. मग नारळाची शेंडी सारखी करत म्हणाला,

"नाही जमत तर राहू दे. तो धबधबा आहेच माझ्याकडं."

गौरेश उठून त्याच्या शेजारी हात जोडून उभा राहिला.

गुरवानं नारळ हातात घेतला नि आवाज चढवला. "बा देवा महाराजा! लेकरू पाण्यावर निघालंय. सांभाळून ने..."

"व्हय महाराजा," यशवंत म्हणाला.

"...नि सांभाळून परत आण."

"व्हय महाराजा."

या वेळी गौरेश पण म्हणाला.

नारळ फुटला. गुरवानं विचारलं, "यशवंता, तुला कुठचा हवा रे?"

"काय, कॅमेरा? मला कशाला? तो इथंच राहणार." यशवंत अंगारा लावून घेत म्हणाला. "मला आपला एक ती भाकरी थापतानाचा हवा, नि एक हा काहीतरी चावटपणा करतानाचा."

गुरवानं समईतल्या तेलात बोट बुडवलं. ते बोट दोन्ही पाकळ्यांच्या कडेनं सावकाश फिरवलं. फणस कापताना हाताला तेल लावतात, तसं.

पाकळ्या जरा सरकल्या...

आणि दोघी एकदमच खाली आल्या. ओल्या लादीवर, एकमेकींना चिकटून.

"पडल्या!" गौरेशनं झडप घातली. पाकळ्या उचलल्या, सोडवल्या, तळहातावर धरल्या. या बाजूनं बघितल्या, त्या बाजूनं बघितल्या. दोन्ही पांढऱ्या. दोन्ही तेलकट.

"आबा, आधी कुठची पडली?"

गुरव खोबऱ्याचे तुकडे करत होता.

बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दाबला तो सोडेचना. यशवंतानं पोराच्या दंडाला धरलं. "चल, दुकान तरी गाठू." आणि त्याला ओढतच पायऱ्या उतरला. रिक्षात बसला तरी गौरेशचा तळहात उघडाच, मान बाहेर, रिक्षा हललेली.

"आबा! यातली उजवी कुठची तेवढं सांगा!"

गुरव दारापर्यंत आला. तेलाचं बोट डोक्याला पुसलं.

"खाली पडल्यावर डावी-उजवी नसते रे!"