चौथा दगड

लहानथोर वाचकांनो, आधी माफी मागतो. माझी शाळा लवकर सुटली. शुद्धलेखन चुकले तर पोटात घाला आणि शब्द साधे वाटले तर चालवून घ्या.

खूप जुनी गोष्ट. एका ओढ्याच्या दोन्ही काठांवर मिळून एक गाव वसले होते. ये-जा करायला मधे लाकडी साकव होता. गावाचा कारभार पाच पंच पाहत. सभेच्या दिवशी चावडीवर नगारा वाजे. नगारा ऐकला की लोक भराभर दारे लावून घेत आणि पोरांना दटावत, "गप्प बसा रे, मोठी माणसं बोलतायत."

कोणाचे काही गाऱ्हाणे असले, तर तो एक दगड आणून चावडीच्या पायरीशी ठेवी, हात जोडी आणि निघून जाई. पंचांना सगळे आपोआप कळते, अशी त्यांची समजूत होती. वाडवडील तसेच करत आले होते.

त्या गावात टोपल्या विणणारा एक तरुण राहत होता. इतका लाजाळू, की गिऱ्हाइकाने भाव विचारला तरी तो बायकोकडे बघे. बायकोला सातवा महिना लागला होता. सुईण ओढ्यापलीकडे राहायची आणि साकवाच्या फळ्या कुजल्या होत्या. त्याने तीन वेळा तीन दगड ठेवले. काहीच झाले नाही. मग एके दिवशी बायकोच्या पायाखालची फळीच मोडली. साकवाच्या कडेचा दोर धरून ती कशीबशी वाचली, डोक्यावरच्या टोपल्या मात्र वाहून गेल्या.

तो चौथा दगड घेऊन चावडीवर धावला. तिथे एक म्हातारी झाडत होती.

"पुरे रे लेका! कट्टा झाला बांधून."

"कसला कट्टा, आजी? हा साकवाचा दगड आहे."

म्हातारी मटकन खाली बसली आणि पोट धरून हसली. "अरे, पंच म्हणतात, आपले लोक किती गुणी! सभेला कोणी येत नाही, म्हणजे सगळे सुखात आहेत. वर कट्ट्याला दगडही आणून देतात!"

"सभेला आम्ही यायचं असतं?"

"मग नगारा कोणासाठी? पंच तर आधीच आत बसलेले असतात. ऐक, तिथं कोणीही उठून बोलावं. पाण्याचा पंच वेगळा, रस्त्या-साकवांचा वेगळा. विचारलं की त्याला उत्तर द्यावंच लागतं. उद्या सभा आहे, ये."

तो दगड घेऊन घरी परतला.

दुसऱ्या दिवशी नगारा वाजला आणि सवयीने त्याचा हात कडीकडे गेला.

"आतून काय लावताय?" बायको म्हणाली. "बाहेर पडा आधी!"

पंचांनी सरकून त्याला कट्ट्यावर जागा दिली. "साकव मोडलाय," एवढेच तो बोलला.

रस्त्यांचा पंच दचकला. "मग आम्हाला सांगायचं नाही का कोणी?"

"तीनदा सांगितलं, काका. तुम्ही त्याच्यावरच बसलाय."

पाचही जण चटकन उठून उभे राहिले.

मुख्य पंच खजील होऊन म्हणाले, "आमचंही चुकलं. दार वाजवून विचारायला हवं होतं. पण साकवाला घरटी एक माणूस लागेल आणि ते सभेनं ठरवायचं असतं, आम्ही नाही. आज सभा म्हणजे तू एकटा."

"थांबाल थोडं?" म्हणत तो निघाला. ज्याला भाव सांगवत नव्हता, त्याने घरोघरी कड्या वाजवल्या. "चला, नगारा आपल्यालाच बोलावतोय!"

दुपारपर्यंत चावडी भरली. लोक कट्ट्याकडे बोट दाखवू लागले. "तो माझा, विहिरीचा!" "अन् हा आमच्या गटाराचा, आजोबांपासूनचा!" हसता हसता सगळ्यांनी साकवासाठी हात वर केले. आठवड्यात साकव उभा राहिला.

पुढे बायकोला कळा सुरू झाल्या, तेव्हा सुईण त्याच साकवावरून झपाझपा चालत आली. मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगारा वाजला. तरुणाने कोपऱ्यातला चौथा दगड उचलला, वाऱ्याने दार लागू नये म्हणून उघड्या दाराला टेकवला आणि तो विहिरीबद्दल बोलायला सभेला गेला.

बोध: गाऱ्हाणे चावडीच्या पायरीशी ठेवून परतू नये; चावडी आपलीच आहे, आत जाऊन बोलावे.