भोकरमाळची पांढरी दोणी

चपला काढा आणि पाय बुडवा. किळस वाटत असेल तर वाटू द्या, ती वाटावी म्हणूनच ही दगडी दोणी वेशीत ठेवलेली आहे. आतला पांढरा चिखल वरच्या झऱ्याचा. भोकरमाळात शिरणारा प्रत्येक पुरुष यात पाय बुडवून मगच आत जातो, मग तो गावचा जावई असो की तुमच्यासारखा शहरातला पांढरपेशा. बायकांना हा नियम नाही. का नाही, ते ऐका.

पांढरा हा शब्द आमच्याकडे फार कामाला येतो. घरे वसली ती जमीन पांढरी, पिकते ती काळी. शपथ घ्यायची तर पांढरीची घ्यायची. नवरा मेला की बाई पांढऱ्या कपाळाची, आणि ती घरात आल्यावर काही वाईट घडले की पांढऱ्या पायाची. ज्या शब्दाने गावाला आईचा मान दिला, तोच बाईच्या पायाला चिकटवून शिवी केली. मला त्याची शिसारी आहे.

फार पूर्वी इथे मानाजी नावाचा पाटील होता. देवाला सोडलेला वळू कोणी औताला जुंपायचा नाही, ही तेव्हाची रीत. नांगरटीच्या दिवसांत पाटलाचा एक बैल बसला. सारा गाव शेजारच्या जत्रेला गेलेला पाहून त्याने भर दुपारी देवाचा वळूच जुंपला म्हणे. सवय नसलेले ते जनावर तोंडाला फेस येऊन आडवे झाले आणि उठलेच नाही. आता गावाला काय सांगणार? पाटलाने ते दुसऱ्या बैलाकडून ओढत नेऊन टेकडीवरच्या झऱ्याच्या कपारीत ढकलले आणि तोंडाशी धोंडे रचले. त्याच झऱ्याचे पाणी जमिनीखालून गावच्या बारवेत येते. हे पाटलाला ठाऊक नव्हते असे नाही. पण त्याला गावाच्या पाण्यापेक्षा स्वतःची अब्रू मोठी वाटली.

त्याच आठवड्यात त्याच्या धाकट्या मुलाचे, हैबतीचे, लग्न झाले आणि साळू नावाची सून घरात आली. चौथ्या दिवशी बारवेच्या पाण्याला घाण येऊ लागली. वर तेलकट तवंग, चव अशी की घोट घशाखाली उतरेना. लोक फडक्याने गाळून तेच पाणी प्यायले आणि घरोघर ओकाऱ्या सुरू झाल्या. दोन तान्ही मुले दगावली. त्यातले एक पाटलाच्या थोरल्या लेकाचे होते. नातवाला मूठमाती देऊन आला तरी पाटलाने तोंड उघडले नाही. उघडले ते तिसऱ्या दिवशी, चावडीवर. म्हणाला, "पांढऱ्या पायाची हाय पोरगी. काढा भाईर."

गावाला तेवढेच हवे होते. साळूला दंडाला धरून वेशीबाहेर काढले. हैबती खाली मान घालून उभा राहिला. असल्या नवऱ्याबद्दल काय बोलायचे?

बारवेला हात लावायची तिला बंदी, म्हणून ती तहानेने टेकडी चढून झऱ्याकडे गेली. तिथल्या वासाने तिला भडभडून आले, असे सांगतात. तरी तिने पदराने नाक बांधले, गुडघाभर पांढऱ्या चिखलात उभी राहिली आणि एकेक धोंडा हाताने काढला. आत सडलेला, किड्यांनी बुजबुजलेला वळू होता. त्याच्या मानेत अजून जुवाची जोती, जनावराच्या गळ्याभोवती बांधायचा विणलेला पट्टा, अडकलेली होती.

जोती घेऊन ती वेशीत आली. पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. म्हणाली, "द्येवाचा वळू झऱ्यात कुजतोय. ही जोती कुनाची, वळखा." पाटलाच्या घरची वीण सारा गाव ओळखत होता. पाटील पांढराफटक पडला.

मग काय, ज्या तोंडांनी तिला हाकलले त्याच तोंडांनी लक्ष्मी आली, लक्ष्मी आली सुरू केले. कोणी तिचे पाय धुवायला दूध आणले. काही जण मेलेली जनावरे ओढणाऱ्या वस्तीला हाक मारायला धावले. साळूने त्यांना अडवले. "त्यांनी का म्हून? ज्यानं घातला त्यानं काढावा. हातानं." आणि पाटलाने तो वळू हाताने काढला, तुकड्यातुकड्याने, सगळ्या गावासमोर, ओकत ओकत.

दुधाचे भांडे तिने परत पाठवले. "माझं पाय हायती तसंच राहू द्या. आता तुमी पुरुषांनी असलंच पाय करून गावात शिरायचं. मग बगू कुनाच्या पायानं काय नासतं." ती वेशीच्या उंबऱ्याआत आली नाही. हैबती मागे धावला, तर त्याच्या पुढ्यात थुंकून घाट उतरून गेली. कुठे गेली कोणाला माहीत नाही. ती देवी झाली असे कोणी सांगेल, तर विश्वास ठेवू नका. गावाला तोंडसुख घेता येते, तशीच आरतीही फुकटची गाता येते.

तेव्हापासून दरवर्षी झऱ्याची कपार पाटलाच्या घरातला थोरला माणूस हाताने साफ करतो. सध्या तो मीच. मानाजीच्या थोरल्या लेकाला पुढे जे मूल झाले, त्याच्या वंशातला. पन्नास वर्षे ही कथा मी पाहुण्यांना सांगतो आहे आणि मानाजीला शिव्या देतो आहे.

मागच्या वैशाखात माझ्या नातवाचे लग्न झाले. नातसून सोनल. आठ दिवसांत आमची बोअर आटली. जेवायला बसलो होतो, आणि तो शब्द पानावर पडला. बायकोने नाही उच्चारला, सुनेने नाही. माझ्या तोंडून निघाला. मानाजीला लपवायला वळू तरी होता, मला तेही कारण नव्हते.

पोर उठली, वेशीत येऊन त्या दिवसांत उन्हाने कोरड्या पडलेल्या दोणीत घागरभर पाणी ओतले, कोपरापर्यंत हात घालून माती कालवली आणि मी मागोमाग आलो तेव्हा एवढेच म्हणाली, "आबा, पाय."

आजही ती दोणी सुकू देत नाही. रोज सकाळी पाणी घालते आणि मला हाक मारते.